भाऊ चार, घरं तीन

कानबाई देवीविषयीच्या बोलण्यात लेकीनं तोंड घालू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. मी लग्न होऊन जळगावला आले त्या दिवशी माझं कुळ बदललं, त्यामुळे माहेरच्या देवीवर माझा हक्क उरला तो लांबून हात जोडण्यापुरता. असं असूनही गेल्या श्रावणाच्या आधी माहेरच्या सगळ्या घरांचे फोन मलाच यायला लागले. कारण काय, तर मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. कॉम्प्युटर शिकवणारी बाई म्हणजे मोबाईल दुरुस्तीपासून भाऊबंदकीच्या भांडणापर्यंत काहीही निस्तरू शकते, असा आमच्या खानदेशात पक्का समज आहे. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो समज आवडतो.

कानबाई ज्यांच्या घरी बसत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर तिची बोळवण होते. एका कुळाची कानबाई एक. घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, धुतलेल्या चक्कीवर दळायचे, आणि त्या पिठाचं जे होईल त्याला रोट म्हणायचं. रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, उरला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच खाऊन संपवायचा. लहानपणी पारोळ्याजवळच्या आमच्या गावी चार भावांची आम्ही सगळी पोरं एका ओळीत जेवायला बसायचो आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात ओतायचो. बाया रात्रभर गाणी म्हणायच्या. त्यांच्यात माझ्या आईचा आवाज सगळ्यात मोठा असायचा, आणि आम्हा पोरींना त्याची लाज वाटायची. आता वाटतं, काय मूर्ख होतो आम्ही.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी हौसेनं माहेरी गेले. गाणी म्हटली, आरतीला उभी राहिले, आणि जेवायच्या वेळी मोठ्या काकूनं मला प्रेमानं हाताला धरून वेगळ्या पाटावर बसवलं आणि वरणभात वाढला. कुणी वाईट वागलं नाही. पण समोरच्या ओळीत पुरणपोळी आणि खीर चालली होती आणि मी पापड मोडत बसले होते. त्या दिवसापासून कानबाईला जायचं असलं की मी जळगावहून जेवूनच निघते.

तर विषय भांडणाचा. आजोबा गेल्यावर कानबाई चार भावांच्या घरी पाळीपाळीनं बसायला लागली. थोरले आबा गावीच असतात. दुसरे नाना फैजपूरला केळीच्या व्यवसायात पडले आणि तिकडचेच झाले. इतके, की त्यांचं बोलणंही तिकडचं झालं आणि आबा त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवतात. तिसरे माझे वडील, नोकरीमुळे धुळ्याला स्थायिक. आणि धाकटे काका पिंपळनेरला आश्रमशाळेत शिक्षक. वडील गेले त्या वर्षी कानबाई आबांकडे बसली. पुढच्या वर्षी पिंपळनेरला. त्याच्या पुढच्या वर्षी नानांची पाळी होती, पण काकूचे गुडघे धरले म्हणून ऐनवेळी पुन्हा आबांकडे. तेव्हा नाना आलेच नाहीत, काका आले ते जेवून लगेच निघाले, आणि माझी आई तर त्या आधीच्या वर्षापासूनच जात नव्हती. विचारलं की बीपी वाढलंय म्हणायची. आबांनी बोळवणीहून परत येता येता उरलेल्या सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "आते पुढला साल बठ्ठा येतीन ते एक कानबाई. नही ते ज्यानी त्यानी आपापली बसाडा."

कानबाई वेगळी होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. शेत वाटलं, घर वाटलं तरी लोक म्हणतात, देवी एक आहे ना, मग घर एक आहे. देवी वेगळी झाली की संपलं. पुढच्या पिढीत लग्नाच्या पत्रिकेपुरतं नातं उरतं. आबा पंच्याहत्तरीचे. ते बोलले ते करणार, यात कुणालाच शंका नव्हती.

जूनमध्ये फोन सुरू झाले. आबा नानांबद्दल सांगायचे, नाना काकांबद्दल, काका दोघांबद्दल. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की बाकीच्यांना एकत्र करायचंच नाही. मी ऐकून ऐकून कावले. एक दिवस स्टाफरूममध्ये बसून माझ्या लक्षात आलं, अगं बाई, हा तर सरांचा प्रश्न आहे.

हे सर म्हणजे मी जळगावला शिकत होते तेव्हाचे माझे शिक्षक. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. लॅबबाहेर चपला काढाव्या लागायच्या, आत एसी फक्त मशीनसाठी होता, आणि आम्ही तीन मुली ओढण्या गुंडाळून कुडकुडत बसायचो. तोवर आम्ही शिकलो होतो त्या सगळ्या भाषांत मशीनला पायरीपायरीनं सांगावं लागायचं. आधी हे कर, मग ते कर, हे झालं नाही तर तिकडे जा. एके दिवशी सरांनी एक वेगळीच गोष्ट उघडून दाखवली. पडद्यावर एक प्रश्नचिन्ह, पुढे आडवी रेघ, बाकी काही नाही. सर म्हणाले, याला कसं करायचं ते सांगायचं नाही. काय खरं असायला पाहिजे, तेवढंच सांगायचं.

त्यांनी फळ्यावर आमच्या गावाकडचं कोडं लिहिलं. अंगणात कोंबड्या आणि शेळ्या आहेत, डोकी दहा, पाय अठ्ठावीस, तर कोण किती? मी लगेच पेन काढून आकडेमोड करायला लागले. सरांनी थांबवलं. म्हणाले, तू सोडवू नकोस, तू फक्त सांग. मग आम्ही सांगितलं. कोंबड्या शून्य ते दहामधल्या काहीतरी. शेळ्याही शून्य ते दहामधल्या. दोन्ही मिळून दहा. दोनानं गुणलेल्या कोंबड्या आणि चारानं गुणलेल्या शेळ्या मिळून अठ्ठावीस. शेवटी टिंब. टिंब विसरलं की ते मशीन नुसतं आपल्याकडे बघत बसायचं, सासरच्या माणसासारखं. टिंब दिलं आणि लगेच उत्तर आलं, कोंबड्या सहा, शेळ्या चार.

आम्ही चकित. हिशेब कुणी केला? सरांनी मग त्याचं पोट उघडून दाखवलं. साध्या तर्काच्या भाषेत मशीन एकेक जोडी घेऊन बघत बसतं. शून्य कोंबड्या, शून्य शेळ्या, जमतं का? नाही. शून्य आणि एक? नाही. असं करत सगळी अंगणं पालथी घालतं. इथे तसं नाही. इथे अटी आधी कामाला लागतात. पायच अठ्ठावीस आहेत म्हटल्यावर शेळ्या सातच्या वर जाऊच शकत नाहीत, म्हणून आठ, नऊ, दहा हे आकडे आधीच खोडले जातात. शेळ्या सातच्या आत म्हटल्यावर कोंबड्या तीनच्या खाली जात नाहीत. एका बाजूला खोडलं की त्याचा धक्का दुसरीकडे बसतो, तिकडे खोडलं की पुन्हा इकडे. असं कापत कापत जे उरतं, तेवढ्यातच शोधायचं. आणि एखादी वाट धरून पुढे अडलं, तर मुकाट्यानं मागे फिरून दुसरी वाट धरायची. याला कन्स्ट्रेंट लॉजिक प्रोग्रॅमिंग म्हणतात, असं सर सगळ्यात शेवटी म्हणाले. नाव ऐकून आम्ही घाबरलो असतो, हे त्यांना माहीत असावं.

मग सरांनी अठ्ठावीसचे सत्तावीस पाय केले. मशीन म्हणालं, नाही. फक्त एवढंच. एक मुलगी म्हणाली, सर, बिघडलं. सर खूप हसले. म्हणाले, बिघडलं नाही बाई, दोन आणि चार पायांच्या जनावरांचे सत्तावीस पाय होतीलच कसे? ज्या अटी तुम्ही दिल्या त्यात बसणारं जग नाही, एवढंच ते सांगतंय. मला त्या भाषेचं वेड लागलं ते त्या नाहीमुळे. आमच्या घरी कुणी सरळ नाही म्हणत नसे. आबा देखूत म्हणतात. देखूत म्हणजे बघू, आणि बघू म्हणजे मेलं तरी होणार नाही, हे कळायला माझी अर्धी हयात गेली. आज सर नाहीत. त्या लॅबच्या जागी आता परीक्षा विभागाचे गठ्ठे असतात. पण त्या दुपारच्या थंडीची मला अजून आठवण येते, आणि ओढणी गुंडाळून बसलेल्या त्या तिघींचीही.

तर मी वही घेतली आणि प्रत्येक घरी फोन केला. तुमची अट काय, तेवढंच सांगा, दुसऱ्याबद्दल बोलू नका, असं बजावून. आबांशी बोलताना देखूत चालणार नाही, हो किंवा नाही सांगा, असं म्हणायची हिंमतसुद्धा केली. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघराचा स्लॅब काढला होता, भर पावसात वर ताडपत्री, त्यामुळे त्यांच्याकडे यंदा नको. नानांच्या घरी नको, कारण काकूच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. शिवाय नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी त्यांची केळीची कापणी, व्यापाऱ्याची गाडी ठरलेली, तेव्हा ते कुठेही जाऊ शकत नव्हते. काका म्हणाले, माझ्याकडे आनंदानं करा, पण पहिल्याच रविवारी. दुसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी, त्यामुळे घरी एवढी माणसं घेता येणार नाहीत, पण दुसरीकडे कुठे असेल तर सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ. आणि आमच्या कुळाची रीतच अशी, की देवीला पहिला रविवार हुकला तर दुसरा चालतो, तिसरा नाही. आबांची अट तर सगळ्यांना पाठ होती, बठ्ठा पाहिजेत, म्हणजे झाडून सगळे.

एका शनिवारी मी बसनं धुळ्याला आईकडे आले आणि रविवारी सकाळी लॅपटॉप उघडून हे सगळं लिहून काढलं. आधी डोमेन, म्हणजे कुठला चल कुठल्या किमतींतून घ्यायचा ती यादी. रविवार, पहिला किंवा दुसरा. घर, कुठलं कुठलं ते. मग खाली एकेका ओळीत एकेकाची अट. टिंब दिलं.

नाही.

मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. म्हटलं, बघा, आता कुणावर आळ नाही. मग मी सरांनी शिकवलेली युक्ती केली. एकेक अट तात्पुरती बाजूला काढायची आणि बघायचं, कुठली काढली की उत्तर येतं. आबांच्या स्लॅबची काढली, उत्तर आलं. नानांच्या घराची काढली, उत्तर आलं. नानांच्या कापणीची काढली, उत्तर आलं. काकांची काढली, तरी आलं. म्हणजे कुणीही एकानं मागे सरकलं तर कानबाई एक राहत होती. झालं, माझ्या अंगात आलं. मी पुन्हा फोन लावले आणि प्रत्येकाला सांगितलं की तुमच्या एका अटीपायी देवी मोडतेय, मशीननं सिद्ध केलंय.

याच्याइतका गाढवपणा मी आयुष्यात केला नसेल. आबा म्हणाले, ताडपत्रीखाली देवी बसवू का? नाना तर असे तापले की फोन नसता तरी त्यांचा आवाज फैजपूरहून ऐकू आला असता. केळीचा घड तयार झाल्यावर तुझ्या मशीनसाठी झाडावर थांबतो का, म्हणाले. काका हळू आवाजात म्हणाले की तपासणी बुडवली तर त्यांची बढती जाईल, आणि फोन ठेवला. अर्ध्या तासात मी तीन वडीलधारे दुखावले. खरं होतं सगळ्यांचं. कुणी आढेवेढे घेत नव्हतं, कुणाच्याही मनात पाप नव्हतं. चूक कुठेच नव्हती आणि उत्तरही नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, वेगळी तर वेगळी. माझं काय जातं, मला तर रोटसुद्धा मिळत नाही.

आई शेजारी सुपात गहू निवडत बसली होती. माझे सगळे फोन तिनं ऐकले होते. ती सातवीपर्यंत शिकलेली, पेपर रोज वाचते, कोडं सोडवते. मला रडू येतंय हे तिला दिसलं असणार, कारण तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, काय लिहिलंय ते मला वाचून दाखव.

शिकवायचं म्हटलं की मी दुःख विसरते. लॅपटॉप पुन्हा उघडून मी तिला सगळं समजावलं. ही पहिली ओळ रविवारांची. ही दुसरी घरांची, आबा, नाना, काका. आता नानांना पहिला रविवार चालत नाही आणि सगळे तर हवेत, म्हणून पहिला रविवार आपोआप खोडला जातो. पहिला गेला की काकांचं घर जातं, कारण त्यांना पहिलाच हवा. आबांचं घर स्लॅबमुळे गेलं, नानांचं गुडघ्यामुळे. तिन्ही घरं खोडली गेली, म्हणून नाही. आहे की नाही सोपं, असं मी तिला विचारलं. ती पडद्यावरच्या दुसऱ्या ओळीकडे बघत होती.

"भाऊ चार व्हतात ना?" आई म्हणाली. "मंग घरे तीनच काबर?"

मी चटकन उत्तर दिलं. वर्गात कुणी सोपी शंका विचारली की देते तसं. आपल्याकडे पूजेला जोडपं बसतं ना आई, आणि इथे आता जोडपं नाही, म्हणून हे घर घेतलं नाही. एवढं बोलून गेले आणि मग माझंच वाक्य मला ऐकू आलं.

ही अट कुणीही सांगितलेली नव्हती. वहीत नव्हती. आबांची नाही, नानांची नाही, काकांची नाही. अट म्हणून मी ती लिहिलीसुद्धा नव्हती. लिहिली असती तर बाकीच्या ओळींसारखी तीही बाजूला काढून बघितली असती. मी सरळ वरच्या यादीतून घरच गाळलं होतं. वीस वर्षं मुलांना शिकवतेय की अटी खाली तपासाल, पण डोमेन चुकीचं दिलंत तर मशीन जन्मात सांगणार नाही, कारण जे यादीतच नाही ते खोडलं गेल्याचं त्याला कळणार कसं? आणि मी स्वतःच्या आईला यादीत धरलं नव्हतं. चार घरांना फोन करते म्हणून निघाले आणि तीन केले. ज्या घरात बसून करत होते, त्या घराला विचारलंच नाही.

आईचा चेहरा तसाच होता. तिनं विचारलं, "हाई आबानी सांगं ना?"

मला हो म्हणता आलं असतं. आबांनी कधी विचारलं नसतं, आईनं कधी विचारलं नसतं. पण तेवढ्यात मला दोन वर्षांपूर्वीचा एक फोन आठवला. वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या श्रावणाच्या आधीचा. पाळी धुळ्याची होती. आबांनी मला फोन करून विचारलं होतं, की तुमच्याकडे करायची ना? मी कॉलेजला जायच्या घाईत होते. म्हटलं, आबा, आता तिकडे कसं जमणार, पूजेला बसणार कोण, तुम्ही पिंपळनेरला ठरवून टाका. आबा घुटमळले होते. "तुनी माय काय म्हनस, बेटा?" असं त्यांनी विचारलं होतं. आणि मी म्हटलं होतं, ती काय म्हणणार, तिला उगाच त्रास नको.

काळजीनंच म्हटलं होतं. चार बायका तिच्याकडे बघून कुजबुजतील, पाटावर कुणाला बसवायचं यावरून तिच्यासमोरच चर्चा होईल, हे मला नको होतं. तिला कुणी दुखवायच्या आधी मीच तिचं नाव काढून टाकलं, आणि स्वतःला शहाणी समजले. त्या वर्षापासून आईला बीपी झालं. त्या वर्षापासून ती आबांशी बोलेनाशी झाली. गावाहून आबांनी पाठवलेल्या हरभऱ्याच्या पिशवीला तिनं चार दिवस हात लावला नव्हता, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि म्हातारपणी माणसं चिडचिडी होतात म्हणून सोडून दिलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. फोन, माझं वाक्य, आबांचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. सांगताना तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही, मी पडद्याकडे बघत होते.

"माले वाटनं, आबानीच सांगं व्हई," ती म्हणाली. मग सूप पुन्हा जवळ ओढत म्हणाली, "दोन साल मी त्या मानूसले मनमां शिव्या दिध्यात."

ती रडली नाही. मला बोलली असती, एक थोबाडीत दिली असती तरी बरं वाटलं असतं. तिनं फक्त लॅपटॉपकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, लिही. मी दुसऱ्या ओळीत चौथं घर लिहिलं आणि टिंब दिलं. उत्तर यायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. रविवार दुसरा, घर धुळे. दुसरं उत्तर आहे का विचारलं, तर नाही. एवढ्या सगळ्या भांडणात एकच जागा उरली होती आणि ती हीच होती. आईला वाचून दाखवलं. मग मला भीती वाटली ती वेगळीच. मशीनला काय, जोडप्याची अट कुणी लिहिली नाही म्हणून ते हो म्हणालं. पण ती अट मी काही आकाशातून आणली नव्हती. आबांच्या, नानांच्या, काकवांच्या मनात ती असेलच, आणि आता मी आईला आशा लावून बसले होते. मी म्हटलं, आई, थांब, मी आधी आबांशी बोलते, त्यांच्या कलानं घेते. हवं तर काका-काकू पूजेला बसतील, तू फक्त घर दे.

आई उठली. हात धुतले, तोंडावरून पाणी फिरवलं. आबा तिचे थोरले जेठ, त्यांच्यासमोर ती कधी उघड्या डोक्यानं उभी राहिली नाही, फोनवर बोलतानाही पदर घेते, यावरून आम्ही पोरं तिला किती हसलो असू. तिनं पदर डोक्यावर घेतला, तो नीट कानामागे खोवला, आणि मला आबांचा नंबर लावायला सांगितला. मी लावून दिला. पलीकडून आबांचा आवाज आला, त्यांना वाटलं पुन्हा मीच भांडायला आले. आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

"आबा, मी बोली राह्यनू," ती म्हणाली. "यंदानी कानबाई मन्हा घर शे. पूजाले मी बससू."